भिक्षाटन, परमार्गनिरूपण आणि वाचेचे सत्य



भिक्षूचा आणि गृहस्थाच्या दाराचा संबंध सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या आज्ञेने जडलेला आहे. अटन, विजन, भिक्षा आणि भोजन या नित्यविधींत भिक्षेचे स्थान केवळ देहरक्षणापुरते नाही. चारही वर्णांच्या दारी जाण्याने जातीचा अभिमान गळतो, मिळेल ते घेण्याने रसनेचा अभिमान गळतो आणि रिकाम्या हाती परतण्याने मीपणा गळतो. दाराशी उभा असलेला भिक्षु याचक असतो. मात्र त्याच दाराशी पुष्कळदा त्याला काही पुसले जाते. तुमचा देव कोणता, हा वेष कशासाठी, आमच्या घरी सुख नाही त्यास उपाय काय, असे प्रश्न येतात. त्या क्षणी याचक हा निरूपणकर्ता होतो. घेणाऱ्याची मर्यादा शास्त्राने स्पष्ट सांगितली आहे. देणाऱ्याची मर्यादा कोणती, आणि जीवाचे कल्याण व्हावे या हेतूने थोडे झाकून, थोडे वाढवून बोलावे काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यात हा प्रश्न दोन रूपांनी समोर येतो. ताम्हिणी घाटाकडच्या मावळी गावांत घरोघरी देव्हाऱ्यात टाक आहेत, खंडोबाचा भंडारा आहे, लग्नानंतर जागरण-गोंधळ आहे, वर्षाकाठी ग्रामदैवताची जत्रा आहे. तेथे एका घराने उपासना बदलली तर ती गोष्ट भावकीची होते. त्याच तालुक्यात हिंजवडीच्या बाजूस बहुमजली वसाहती उभ्या राहिल्या आहेत. फाटकावर पहारेकरी असतो, आत जाणाऱ्याचे नाव आणि काम वहीत लिहिले जाते, शेजारच्याचे गाव कोणते हे शेजाऱ्यास ठाऊक नसते. पहिल्या ठिकाणी मनुष्य संकोचाने ऐकून घेतो, दुसऱ्या ठिकाणी एकटेपणाने. संकोच आणि एकटेपणा या दोहोंचा लाभ उठविता येतो. म्हणून दोन्ही ठिकाणी बोलणाऱ्याने अधिक सावध असले पाहिजे.

शास्त्रदृष्टीने कपट निरर्थक का

जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ नित्य आणि परस्परांहून भिन्न आहेत, हा ब्रह्मविद्येचा पाया आहे. जीव बद्ध आहे आणि त्याच्या मुक्तीचे सामर्थ्य एका परमेश्वरापाशीच आहे. ज्ञान देणारा परमेश्वर. त्याच्या असन्निधानात आचार्यपरंपरेने चालत आलेले शब्दज्ञान श्रोत्याच्या कानी घालणे, एवढेच निरूपणकर्त्याचे कार्य आहे. त्या शब्दाचा बोध होणे अथवा न होणे हे निरूपणकर्त्याच्या हाती नाही.

हा सिद्धांत मान्य असेल तर कपटास जागा उरत नाही. जो मनुष्य खोटे बोलून एखाद्यास मार्गात आणतो, तो मनातून असे धरून चालतो की हे कार्य माझ्या युक्तीने होत आहे. परमेश्वराच्या कर्तृत्वावर त्याची श्रद्धा असती तर युक्तीची गरजच भासली नसती. म्हणजे कपटाने केलेला प्रसार हा प्रथम प्रसारकाच्या स्वतःच्या अश्रद्धेचा पुरावा ठरतो. ज्या तत्त्वाचे तो निरूपण करतो, तेच तत्त्व त्याच्या कृतीने खोटे पडते.

दुसरे कारण अहिंसेचे. पाऊल टाकताना किड्यामुंगीस जपणाऱ्या मार्गात मनुष्याच्या बुद्धीस इजा करणे क्षम्य कसे होईल? फसविलेल्या मनुष्याचा विश्वास जखमी होतो, आणि पुढे खरा उपदेश समोर आला तरी तो कान बंद करतो. एका जीवाचे दार असे बंद होणे ही वाचिक हिंसाच होय.

तिसरे कारण असे की स्थान, प्रसाद, भिक्षु आणि वासनिक ही चार साधने असन्निधानात साधकास आधारभूत सांगितली आहेत. त्यांत वासनिकाची गणना आहे, हे विसरता येत नाही. ज्याच्या दाराशी आज उभे राहिलो तो उद्या वासनिक होईल, आणि वासनिक दंडवतास पात्र आहे. ज्यास उद्या दंडवत घालावयाचे त्याला आज फसवावयाचे, ही विसंगती कोणत्याही तर्काने सांधत नाही.

पूर्वसूरींचे दोन धडे

श्रीनागदेवाचार्यांच्या चरित्रातील एक प्रसंग सर्वांच्या परिचयाचा आहे. केशिराजबास संस्कृतात ग्रंथरचना करू लागले तेव्हा आचार्यांनी त्यांस निवारिले. संस्कृताने मार्गातील म्हाताऱ्या बाया नागवल्या जातील, असा त्यांचा आशय होता. हा प्रसंग मराठी भाषेच्या अभिमानासाठी वारंवार सांगितला जातो आणि ते योग्यच आहे. तथापि ‘नागविणे’ या शब्दाकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. नागविणे म्हणजे लुबाडणे. श्रोत्यास समजणार नाही अशा रीतीने धर्म सांगणे ही आचार्यांच्या दृष्टीने केवळ गैरसोय नव्हती, ती लूट होती. मग श्रोत्याची समजूत चुकीची व्हावी अशा रीतीने सांगणे हे त्याहून मोठे नागविणे ठरते.

दुसरा धडा लीळाचरित्राच्या परंपरेत आहे. म्हाइंभटांनी स्वामींच्या सन्निधानातील भक्तांकडून लीळा मिळविल्या आणि आचार्यांकडून पडताळून घेतल्या. पुढे मूळ पोथी परचक्रात नष्ट झाली, तेव्हा स्मरणाने ग्रंथ पुन्हा सिद्ध झाला आणि पाठभेद निर्माण झाले. हे पाठभेद परंपरेने लपविले नाहीत. हिराइसेचा पाठ असा, रामेश्वरबासांचा पाठ असा, असे नावानिशी नोंदवून ठेवले. एकच पाठ ठेवून बाकीचे पुसून टाकणे सोपे होते आणि वाचकास ते अधिक निःशंक वाटले असते. परंतु जे जसे मिळाले ते तसे सांगावे, शंका असेल तेथे शंका दाखवावी, हा दंडक पाळला गेला. ज्या मार्गाने आपल्या परमपूज्य ग्रंथातही भेद झाकला नाही, त्या मार्गाच्या भिक्षूने दाराशी उभे राहून काही झाकावे हे परंपरेस शोभणारे नाही.

एका शब्दाचे ओझे

मराठीत ‘मानभावी’ असा एक शब्द रूढ आहे. वरून नम्र, आतून निराळा, अशा मनुष्यास तो लावला जातो. ‘महानुभाव’ या नावाच्या ‘मानभाव’ या लोकरूपापासून तो आला, ही गोष्ट कटू असली तरी खरी आहे. द्वेष, अज्ञान, काळ्या वस्त्राविषयीचा गैरसमज आणि सांकेतिक लिपीत बंद राहिलेले ग्रंथ या सर्वांचा त्यात वाटा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची उकल केली आणि त्यानंतर या वाङ्मयाचे खरे स्वरूप महाराष्ट्राच्या ध्यानी येऊ लागले. ग्रंथांवरील आक्षेप ग्रंथ उघडल्याने गळाले. शब्दावरचा डाग मात्र पुस्तकाने जात नाही. तो दाराशी उभ्या असलेल्या भिक्षूच्या वर्तनानेच जाईल, आणि एका भिक्षूच्या कपटाने पुन्हा गडद होईल.

पूर्वपक्ष आणि उत्तर

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की सकळ लिपी ही देखील लपवणूकच नव्हे काय? याचे उत्तर असे की मौन आणि असत्य यांत भेद आहे. अनधिकारी अथवा विरोधी मनुष्याच्या हाती शास्त्र पडू नये म्हणून ते झाकणे हे रक्षण होय. त्यात कोणासही खोटे सांगून आत ओढलेले नाही. दार लावून घेणे वेगळे आणि दारावर दुसऱ्याच घराची पाटी लावणे वेगळे.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. शास्त्र अधिकारपरत्वे सांगावे, पहिल्याच दिवशी सर्व काही सांगू नये, हे मान्य आहे. मग देवताभक्ती सोडावी लागते ही गोष्ट प्रारंभी न सांगता, आधी गीतेचे आणि श्रीकृष्णचरित्राचे श्रवण करवून, मन रमल्यावर हळूच सांगितली तर बिघडले काय?

हा आक्षेप पुष्कळ प्रामाणिक प्रचारकांच्या मनात असतो, म्हणून त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे. क्रम आणि कपट यांतील सीमारेषा दोन कसोट्यांनी ओळखता येते. पहिली कसोटी प्रश्नाची. श्रोत्याने सरळ पुसले असता सरळ उत्तर मिळते काय? मिळत असेल तर तो क्रम आहे. उत्तर टाळले जात असेल तर ते कपट आहे. दुसरी कसोटी पश्चात्तापाची. सर्व कळल्यावर तो मनुष्य असे म्हणेल काय, की हे आधी ठाऊक असते तर मी पुढचे पाऊल टाकले नसते? ज्या गोष्टीवर त्याचा निर्णय अवलंबून आहे ती गोष्ट निर्णयाच्या आधीच सांगितली पाहिजे. चार पदार्थांचे सूक्ष्म विवरण नंतर आले तर श्रोत्याची हानी नाही. अनन्य भक्तीत टाकांची पूजा, कुलाचार, नवस यांना स्थान राहणार नाही ही गोष्ट मात्र उपदेश घेण्यापूर्वीच कळली पाहिजे, कारण तिच्यावर त्याचे घर, त्याची भावकी आणि कदाचित मुलीचे लग्न अवलंबून आहे.

दृष्टांतपाठातील जात्यंध आणि हत्ती यांचा दृष्टांत येथे उपयोगी पडतो. आंधळ्याने एक अवयव चाचपून तेवढाच हत्ती मानला तर तो त्याच्या अज्ञानाचा भाग आहे. परंतु ज्यास पूर्ण हत्ती दिसतो त्याने दुसऱ्याच्या हाती मुद्दाम केवळ शेपटी द्यावी आणि हाच हत्ती म्हणून सांगावे, तर त्याला आंधळा म्हणता येणार नाही. तो दुसऱ्यास आंधळा करणारा आहे.

इतिहासातील तीन प्रसंग

हा प्रश्न एकट्या महानुभाव मार्गाचा नाही. पुण्यानेच त्याचा एक मोठा प्रसंग पाहिला आहे. पंडिता रमाबाई यांनी १८८३ मध्ये इंग्लंडात ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदासदन काढले आणि ते लवकरच पुण्यास आणले. विधवांच्या शिक्षणाची ही संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, या आश्वासनावर न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांसारखी मंडळी सल्लागार झाली होती. पुढे काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसतात असे कळले, ‘केसरी’ने कडक टीका केली, १८९३ मध्ये सल्लागार बाजूस झाले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचे म्हणणे असे की आपण कोणावर सक्ती केली नाही, केवळ स्वतःच्या प्रार्थनेच्या वेळी खोलीचे दार बंद केले नाही. पालकांचे म्हणणे असे की निराधार मुलीस आधार देणाऱ्या बाईचे उघडे दार हे साधे दार नसते. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. सक्ती नव्हती हे खरे. परंतु पालकांना ‘तटस्थ’ या शब्दाचा जो अर्थ कळला होता तो आणि प्रत्यक्षातील स्थिती यांत अंतर पडले, हेही खरे. पुढे केडगाव येथील मुक्तिसदन उघडपणे ख्रिस्ती संस्था म्हणून चालले. तेथे कोणाची समजूत चुकण्याचे कारण उरले नाही. मतभेद राहिला, परंतु फसवणुकीच्या आरोपास आधार राहिला नाही.

दुसरा प्रसंग कवी नारायण वामन टिळक यांचा. आगगाडीत भेटलेल्या एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांस बायबलची प्रत दिली आणि तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे तोंडावर सांगितले. आपला हेतू त्याने झाकला नाही. टिळकांनी पुढे स्वतः अभ्यास करून १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यामुळे कुटुंबात जी ताटातूट झाली तिचे वर्णन लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे. प्रसंगाचा बोध दुहेरी आहे. हेतू उघड सांगूनही मनुष्य विचार करतो, त्यासाठी कपट लागत नाही. आणि एकाच्या धर्मनिर्णयाची झळ साऱ्या घरास लागते, म्हणून घरास अंधारात ठेवणारा प्रचारक केवळ एका जीवाचा नव्हे, अनेकांचा अपराधी होतो.

तिसरा प्रसंग परदेशातील, परंतु अगदी दाराशी घडलेला. ग्रीस देशात क्रीट बेटावर १९८६ मध्ये मिनोस कोक्किनाकिस हे यहोवाचे साक्षीदार पंथाचे वृद्ध गृहस्थ आपल्या पत्नीसह एका घरी गेले आणि तेथील बाईशी धर्माविषयी बोलले. १९३८ च्या कायद्याखाली त्यांस शिक्षा झाली. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १९९३ मध्ये त्यांच्या बाजूने निर्णय दिला. त्याच वेळी न्यायालयाने धर्माची साक्ष देणे आणि अनुचित धर्मप्रसार करणे यांत भेद केला. पैशाचे अथवा सामाजिक लाभाचे आमिष, तसेच संकटात वा गरजेत असलेल्या मनुष्यावर दडपण, हे अनुचित प्रसाराचे प्रकार म्हणून सांगितले.

भारतीय संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून धर्माचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात असा अर्थ लावला की आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगणे हा प्रसार होय, दुसऱ्यास धर्मांतरित करण्याचा हक्क त्यात येत नाही. कायद्याची ही भूमिका आणि ब्रह्मविद्येची भूमिका एका ठिकाणी जुळते. सांगणे हे मनुष्याचे काम, वळणे हे ऐकणाऱ्याचे स्वातंत्र्य. शास्त्र एवढे अधिक सांगते की त्या स्वातंत्र्यामागे परमेश्वराची कृपा आहे.

दाराशी होणारे कपटाचे प्रकार

पहिले नामकपट. आपण कोण, कोणत्या मार्गाचे, हे न सांगता आरोग्याची पाहणी, संस्कारवर्ग अथवा ग्रंथविक्री अशा निमित्ताने घरात प्रवेश मिळविणे. दुसरे विषयकपट. सोडावयाचे काय हे झाकून मिळावयाचे तेवढेच सांगणे. तिसरे लाभकपट. रोग बरा होईल, नोकरी लागेल, मूल होईल असे सांगणे. महानुभाव भिक्षूस हे विशेष निषिद्ध, कारण ऐहिक फल देणे हे देवतांचे क्षेत्र म्हणून तोच सांगतो. देवताभक्ती सोडा म्हणावयाचे आणि परमेश्वराच्या नावाने देवतेचेच फल विकावयाचे, ही तर सिद्धांताचीच विटंबना. चौथे भयकपट. नरकाचे, शापाचे अथवा अनिष्टाचे भय घालून मन कोंडणे. पाचवे समयकपट. घरात मृत्यू झाला आहे, कोणी आजारी आहे, बाई एकटी आहे, अशी वेळ साधणे.

याखेरीज भिक्षेशी निगडित एक दोष आहे. अन्न वाढण्यासाठी गृहिणी दाराशी आली, तिच्या सौजन्याचा आधार घेऊन तिला अर्धा तास थांबविणे हे घेतलेल्या भिक्षेचे मोल वाढविणे होय. भिक्षेच्या वेळी भिक्षाच मागावी. पुसल्याखेरीज निरूपण करू नये.

मुळशीच्या भूमीचा धडा

मुळशी हे नाव महाराष्ट्रास धरणामुळे आणि सत्याग्रहामुळे ठाऊक आहे. टाटा कंपनीच्या धरणासाठी मावळ्यांच्या शेतांत त्यांची संमती न घेता खणाखणी सुरू झाली, आणि १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, सत्याग्रह आरंभला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे त्याचे प्रमुख. १९२४ पर्यंत चाललेला हा लढा यशस्वी झाला नाही, जमिनी बुडाल्या. पुण्यातील पुष्कळ सावकार-जमीनदार नुकसानभरपाईवर समाधानी होते, कसणाऱ्या मावळ्यास भरपाई नको होती, जमीन हवी होती. दुसऱ्याचे हित कशात आहे हे त्याच्या वतीने ठरविणाऱ्यांकडून साध्या माणसावर कसा अन्याय होतो, याचे हे जवळचे उदाहरण आहे. धर्मप्रसारकही पुष्कळदा अशाच विचाराने चालतो की याचे हित मला कळते, याला विचारावयाचे काय कारण? जमिनीविषयी जी संमती आवश्यक, ती श्रद्धेविषयी दसपट आवश्यक आहे. अर्धे सांगून मिळविलेली संमती ही संमतीच नव्हे.

आचरणाचे नियम

यावरून भिक्षूने आणि उपदेशी गृहस्थाने पुढील मर्यादा पाळणे योग्य ठरते. प्रथम आपले नाव आणि मार्ग सांगावा. फाटकावरच्या वहीत येण्याचे खरे कारण लिहावे, त्यामुळे प्रवेश नाकारला गेला तरी खोटे कारण लिहू नये. नको म्हटले की दंडवत करून परतावे. घरातील एकास जे सांगितले ते दुसऱ्यापासून झाकण्यास सांगू नये. अल्पवयीन मुलांस आईबापांच्या पश्चात उपदेश करू नये. कुलाचारासंबंधी प्रश्न आला असता, त्या घराच्या दैवतांची निंदा न करता, मार्गाची भूमिका स्पष्ट शब्दांत सांगावी. उत्तर ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणावे आणि अधिकारी महंतांकडे पाठवावे. उपदेश घेण्यापूर्वी विचारास पुरेसा काळ द्यावा.

गृहस्थाच्या बाजूनेही धर्म आहे. वासनिकाच्या दाराशी अन्य मताचा प्रचारक आला तर त्यास पाणी द्यावे, अपमान करू नये. तुम्ही कोण, कोणी पाठविले, तुमचे ऐकल्यास मला काय सोडावे लागेल, आणि न ऐकल्यास तुमचा माझ्याशी व्यवहार असाच राहील काय, एवढे चार प्रश्न पुसावेत. सरळ उत्तरे देणारा मनुष्य, मत भिन्न असले तरी, आदरास पात्र आहे. आणि हेच चार प्रश्न कोणी महानुभाव भिक्षूस पुसले तर त्याचीही उत्तरे तितकीच सरळ असली पाहिजेत.

या मर्यादा पाळल्याने अनुयायी थोडे मिळतील, ही भीती व्यर्थ नाही. कदाचित थोडेच मिळतील. मावळातील एखादे घर टाकांचा प्रश्न येताच हात जोडून नको म्हणेल. भिक्षूने त्या घराचा निरोप आनंदाने घ्यावा, कारण त्या घरात महानुभाव भिक्षु खरे बोलतो एवढी आठवण मागे राहील. पुढे कधी त्या घरातील एखाद्या जीवास खरी आर्ती उपजली, तर सत्य कोठे पुसावे हे त्यास ठाऊक असेल. शब्द शुद्ध ठेवणे भिक्षूच्या हाती आहे, बोध परमेश्वराच्या हाती.